राजिमच्या गाडीतली धरलेली जागा

भुताखेतांच्या गोष्टी मी लहानपणापासून वाचत आले, पण लिहिणाऱ्याची भाषा बघायला. विश्वास कधीच नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण घरात सांगून झालं आणि कुणाचंच समाधान झालं नाही. माझंही नाही.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. आम्ही मूळचे गोंदियाकडचे. हे रेल्वेत गार्ड म्हणून बदलून इथे आले आणि आम्ही बूढापाऱ्यात भाड्यानं राहू लागलो. मी एका सरकारी कार्यालयात होते. भोपाळहून फायलींचे गठ्ठे येत, ते उघडून लावायचे हे माझं काम.

पावसाळ्यात हे गेले. ड्युटीवर असतानाच, हार्ट अटॅक. त्यानंतर मला एक विचित्र सवय लागली. कुणी यांना विचारलं, की मी म्हणायची, "ड्युटीवर आहेत." फोनवर, दूधवाल्याला, गॅसवाल्याला... गार्डाच्या बायकोनं हे इतकी वर्षं म्हटलेलं असतं, की तोंडातून आपोआप निघतं. पण हळूहळू ते माझ्याही मनात खरं व्हायला लागलं. रात्री फाटकाचा आवाज आला की मी उठून बसायची. झोप अशी नव्हतीच. धाकटा भाऊ नागपूरहून आला, चार दिवस राहिला, जाताना चिडला.

"ताई, तू काहून असं करून राहिली? एकदा तरी तोंडानं म्हण ना, की भाऊजी गेले."

मी म्हटलं, "तुझी गाडी चुकेल."

त्या दिवशी... थंडी सरत आली होती. मी नेहमीप्रमाणे ऑफिसला जायला शेअर ऑटोत बसले. ऑफिसचं वळण आलं आणि मी उतरलेच नाही. काही ठरवलं नव्हतं. ऑटो तेलीबांध्याला थांबला तेव्हा एका पीसीओतून साहेबांना फोन केला.

"तबियत ठीक नहीं है क्या?"

"ठीक है सर."

"घर में कोई आया है?"

"नहीं."

"तो छुट्टी किसलिए?"

"ऐसे ही."

मग म्हणाले, "अच्छा, ऐसे ही... ले लो भई."

समोर स्टेशनात राजिमला जाणारी छोट्या लाईनची गाडी येत होती. राजिमला नदी आहे, थंडीत पात्रात नुसती वाळू असते. तिथे बसावं, शेंगा खाव्यात, संध्याकाळी परत यावं, एवढंच डोक्यात आलं. राजिमला जाणार हे त्या क्षणापर्यंत मलाच माहीत नव्हतं, दुसऱ्याला कुठून असणार?

अभनपूरच्या बाजाराचा दिवस होता. रायपूरहूनच डबा भरून आलेला. टोपल्या, कोंबड्या, बिड्यांचा धूर. आणि मध्येच एका बाकावर दोन जागा रिकाम्या. खिडकीची एक, आणि तिच्याशेजारी पांढरा गमछा टाकून धरलेली एक. इकडे गमछा किंवा रुमाल टाकला, की ती जागा त्या माणसाची. तो येईपर्यंत मंत्रीसुद्धा तिथे बसणार नाही.

समोर एक जाडजूड दुकानदार बसला होता. तो म्हणाला, "आइए मैडम, बैठिए. खिड़कीवाली आपकी है."

"मेरी?"

"भैया रखवा के गए हैं. चश्मेवाली मैडम चढ़ेंगी, हाथ में किताब होगी. अब इस गाड़ी में किताब लेकर और कौन चढ़ता है?"

दोघे-तिघे हसले. चष्मा माझ्या डोळ्यांवर होताच, आणि वाटेत वाचायचं पुस्तक हातात. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची बाई असेल, ती आली की उठू. बसले. गाडी निघाली. दुसरी कुणी आली नाही, आणि गमछ्याचा मालकही नाही.

"भैया कहाँ हैं आपके?" दुकानदारानं विचारलं.

मी सवयीनं म्हटलं, "ड्यूटी पर."

"क्या मजाक करती हैं! अभी तो यहीं थे. उतरे होंगे कहीं. इस गाड़ी का क्या है, आदमी उतरकर चाय पी ले, फिर दौड़कर पकड़ ले."

माना स्टेशनाच्या आसपास समोर बसलेली एक बाई मला म्हणाली, "दीदी, आप इधर आ जाओ ना, मुझे खिड़की दे दो." मी उठणार, तेवढ्यात दुकानदारानं हात आडवा केला.

"नहीं नहीं. इनको उल्टी तरफ मुँह करके चक्कर आता है. भैया खास बोल के गए हैं."

अर्धवट उठलेली मी परत बसले. मला खरंच चक्कर येते. लग्न करून निघाले तेव्हा पहिल्याच प्रवासात आली होती. तेव्हापासून हे आधी चढून, गाडी कुठल्या दिशेला जाणार ते बघून, माझी जागा धरायचे. ही गोष्ट माझ्या भावालासुद्धा माहीत नव्हती.

"दिखते कैसे थे?" मी विचारलं.

तो गोंधळला. "अब मैडम... आपके आदमी, आप ही बताओ."

पुढचं सगळं अंतर मी बाहेर बघत होते. गाडी जरा मंदावली की प्लॅटफॉर्मवर, रुळाशेजारी, बोरीच्या झाडांखाली... उठून दुसऱ्या डब्यात बघावं, तर मी उठल्यावरच ते आले तर? बसून राहावं, तर ते पुढे कुठे उतरून गेले तर? गमछ्याला हात लावायचा धीर होत नव्हता. अभनपूरला गाडी बराच वेळ थांबली. दुकानदार उतरला. बरेच उतरले, त्याहून जास्त चढले. कुणी त्या जागेवर बसलं नाही. मी बसू दिलं नाही. आता मीच म्हणत होते, "कोई है यहाँ."

एक म्हातारी टोपली घेऊन चढली. तिचे पाय सुजून पिंप झाले होते. तिनं गमछा बघितला, माझ्याकडे बघितलं, मान डोलावून "हव" म्हणाली, आणि दांडी धरून उभी राहिली. कुरकुर नाही. गाडी सुटली. हलली की तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागायचा, आणि दर वेळी तीच पाय मागे घ्यायची.

मी दाराकडे पाहिलं. कुणी धावत येत नव्हतं.

मग मी गमछा उचलला. साधा, धुतलेला, कुणाचाही असावा असा. घडी केली आणि, इकडे आईला म्हणतात तसं, म्हटलं, "बैठो दाई."

ती बसली. टोपली मांडीवर घेतली. म्हणाली, "तोर आदमी उतर गे का बेटी?"

"हव," मी म्हटलं. "उतर गए."

ती अजून बघत होती. म्हणून मग मी मराठीतच म्हटलं, हळू, पण तोंडानं, "गेले ते. आता यायचे नाहीत."

तिला ते कितपत कळलं कोण जाणे. तिनं माझ्या हातातून गमछा घेतला, माझे डोळे पुसले, आणि राजिमला उतरताना त्याचीच चुंबळ करून डोक्यावर टोपली ठेवून निघून गेली. मी मागितला नाही.

नदीच्या कोरड्या पात्रात बसून मी शेंगा खाल्ल्या, आणि भर उन्हात, पर्स उशाला घेऊन, वाळूवर झोपले. कितीतरी महिन्यांनी... गाढ. एका कोळिणीनं हलवून उठवलं, नाहीतर परतीची गाडी गेली असती.

भाऊ म्हणतो, दुसऱ्याच कुणीतरी आपल्या बायकोसाठी जागा धरली असेल, आणि दोघांचीही गाडी चुकली असेल. चष्मा, पुस्तक, चक्कर, हे सगळं तिचंही असू शकतं. शक्य आहे. मी त्याच्याशी वाद घालत नाही. तसं असेल तर त्या दिवशी एक नवरा स्टेशनवर राहिला आणि त्याची बायको माझ्यासारखीच होती, एवढं मानावं लागतं. मला ते मानायला जमत नाही, आणि दुसरं काही मानायलाही.