पोटॅशची पोती आणि बारा डबे

कोकण किनाऱ्यावरच्या मातीत निसर्गाचा किरणोत्सर्ग किती आणि जुन्या अणुचाचण्यांचा उरलेला किती, हे मोजणं हा माझ्या पीएचडीचा विषय. माती वाळवायची, चाळायची, हवाबंद डब्यात भरायची आणि मोजण्याआधी महिनाभर झाकण उघडायचं नाही. त्यातच कॉलेजच्या प्रयोगशाळेचं छत दुरुस्तीला निघालं आणि बारा डबे घेऊन मी कराडजवळच्या आमच्या घरी आले.

चुलते फौजेतून सुभेदार होऊन आलेले. घरात ते म्हणतील ती पूर्व दिशा. डबे बघून आणि माझा विषय ऐकून म्हणाले, "ही बॉम्बची माती घरात न्हाई चालायची. वढ्यात टाकून ये."

"आवं तात्या, तुमच्या रानातबी असतंय हे. थोडं कमी-जास्त."

"आमच्या रानात ऊस येतो. बॉम्ब न्हाई."

डबे ओढ्यात गेले तर माझं वर्ष पाण्यात. शेवटी मी पिशवीतलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र काढलं. डब्यांजवळ धरलं, ते जेमतेम टिकटिकलं. मग सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, तात्यांच्या खाटेच्या उशाशी रचलेल्या पोटॅश खताच्या पोत्यांजवळ नेलं, तर भरभर टिकटिकायला लागलं. चोरीच्या धास्तीने ते दर हंगामात त्या पोत्यांना डोकं लावून झोपत. पोटॅश जगभर असंच असतं, त्याने कुणाला काही होत नाही, हे मी दोनदा सांगितलं. पण त्यांचा चेहरा असा पडला होता की मला हसू आवरेना.

"यंत्र बिघडलंय," म्हणत ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डबे त्यांच्या खाटेखाली ओळीने लावलेले होते. "ऱ्हाऊ देत म्हयनाभर," ते म्हणाले. चूक कबूल करणं बहुधा फौजेत शिकवत नसावेत.

पोती मात्र स्वयंपाकघरात गेली होती, काकी जिथं अंथरूण टाकते त्या भिंतीला.

"हितं का आणली?" काकीने विचारलं.

"सोप्यात वल येती, खत भिजतंय."

काकीने माझ्याकडे पाहिलं. "व्हय गं?"

पोत्यांनी तिला काही होणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तात्यांना मात्र ते पटलं नव्हतं, आणि तरीही त्यांनी ती तिच्या उशाशी नेली होती. ही भीती मीच घातली होती, माझी मला लाज वाटली. पण डब्यांचे अठ्ठावीस दिवस अजून बाकी होते, आणि डबे तात्यांच्या खाटेखाली.

"व्हय काकी," मी म्हणाले, "वल येती."