डुलता फोन

आमची ही अ‍ॅम्ब्युलन्सच्या फोनवर बसते. कोणाच्या छातीत कळ आली, कोणी जिन्यावरून गडगडलं, की फोन जिथे लागतो त्या खोलीत. चार खुर्च्या, फोनचे पत्ते दाखवणारा भिंतभर पडदा आणि कोपऱ्यात कायम गार झालेला चहा. तिथे सगळे तिला ताई म्हणतात. घरी मी 'अगं' म्हणतो, ती 'अहो' म्हणते, आणि एवढ्यावर आमचा संसार बिनतक्रार चाललाय. बिनतक्रार हे माझं मत. तिला विचारू नका.

मी शिंपी. पहिल्यापासून तोंडाचा फटकळ. हल्ली जीभ अडखळते, पण लिहिताना अडखळत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. मला तिचे आभार मानायचेत. तोंडावर मानायला गेलं की म्हणते, "पुरे झालं तुमचं नाटक, औषध घ्या."

त्यांच्या खोलीत एक मशीन आणून बसवलं. ते प्रत्येक फोन ऐकतं आणि मामला गंभीर वाटला की खुर्चीपुढचा पिवळा दिवा लावतं. तेवढंच. गाडी पाठवायची की नाही, ते खुर्चीवरच्या बाईनं ठरवायचं. पुढे मशीनवाल्या कंपनीचं म्हणणं आलं, की मधे माणूस कशाला? सगळं मशीनच ठरवेल. झालं, गावभर वाद पेटला. माझ्या दुकानात तर गिऱ्हाइकं मापं देता देता भांडायची. एक म्हणायचा, आज फोन दिलात, उद्या ही मशीनं तुमच्या डोक्यावर बसतील, मग कोणाच्या बापाला आवरायची नाहीत. दुसरा म्हणायचा, माणसं डुलक्या काढतात, त्यात लोक मरतात, त्याचं काय? आणि दोघेही हातवारे करायचे. अहो, बाहीचं माप घेतोय, हात खाली ठेवा, असं ओरडून माझा घसा बसला.

शेवटी सरकारनं समिती नेमली आणि सगळ्यांचं म्हणणं ऐकायला एक मोठा हॉल घेतला. खोलीतल्या बायकांनी एकमतानं हिला पुढे केलं. "ताई, तुम्ही बोला. मशीन किती बेभरवशाचं आहे ते सांगा. आमच्या खुर्च्या तुमच्या हातात आहेत." ही हो म्हणाली, पण घरी येऊन न जेवताच भांडी घासायला बसली. मला वाटलं, चार लोकांत बोलायचंय म्हणून घाबरली असेल. मी आपला तिची टर उडवत होतो.

खरं कारण मला त्या हॉलमध्ये कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो. उगाच ताटकळत ठेवायला मला आवडत नाही. गिऱ्हाइकाचा सदरासुद्धा मी वेळेवर देतो. कधीकधी.

गेल्या वर्षी दुकानात कापड बेतत होतो आणि हातातली कात्री आपोआप खाली पडली. उजवा हात ऐकेना, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मोबाइल घरी विसरलेला. भिंतीला धरत शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेलो. तो आतल्या खोलीत काचा घासत होता, त्या घरघरीत त्याला काही ऐकू येईना. मी त्याच्या टेबलावरचा फोन उचलला आणि अ‍ॅम्ब्युलन्सला लावला. तो नेमका हिच्याच खुर्चीवर लागला. मी काय बोललो देव जाणे. तोंडातून नुसता लगदा बाहेर पडत होता. पुढे दवाखान्यात शुद्धीवर आलो, तेव्हा ही उशाशी बसलेली. वेळेत आणलं म्हणून वाचलात, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, बायकोनं नवऱ्याचा आवाज ओळखला. वर्षभर मी ही गोष्ट ज्याला त्याला कौतुकानं सांगत होतो. तिच्यादेखत! आणि ती मूग गिळून बसायची.

हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसलो होतो. समितीच्या मधोमध एक निवृत्त न्यायाधीशबाई, बाजूला कंपनीचा तरुण इंजिनियर, आणि खोलीतल्या तिघीजणी पहिल्या रांगेत, टाळ्या वाजवायला तयार. ही उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आमच्यात डुलता फोन म्हणतात," ती म्हणाली. "प्यालेल्या माणसाचा फोन. इतकी वर्षं ऐकून ऐकून आम्हाला पहिल्या शब्दाला कळतो. असे फोन आम्ही ठेवून देतो. गेल्या वर्षी मला एक आला. मी ठेवायला बोट बटणावर नेलं आणि पिवळा दिवा लागला. मला रागच आला त्या दिव्याचा. पण म्हटलं, असेल प्यालेला, तरी जाऊन बघायला काय हरकत आहे? म्हणून पडद्यावर चष्मेवाल्याचा पत्ता आला होता, तिथे गाडी पाठवली. थोड्या वेळानं ड्रायव्हरचा वायरलेस आला. ताई, हे तर तुमचे मिस्टर आहेत. प्यायलेले नाहीत, अर्धांगाचा झटका आहे."

पहिल्या रांगेतल्या तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं कपाळावर हात मारला.

"म्हणजे मशीन बरोबर होतं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मग काढून टाकायची का खुर्ची?"

"नाही," ही म्हणाली. "अशीच एकदा एक बाई फोन करून काहीच बोलली नव्हती. नुसता श्वास. दिवा लागलाच नाही. मी फोन धरून बसले. गाडी पाठवली तेव्हा कळलं, तिला मारून नवरा समोरच उभा होता, म्हणून ती बोलू शकत नव्हती."

इंजिनियर प्रामाणिक निघाला. "गप्प फोन आमच्या मशीनला अजून नीट कळत नाहीत, हे खरं आहे," तो म्हणाला.

"मग असं करा ना," ही म्हणाली, आणि आता तिचा आवाज घरचा झाला, भाजी निवडताना असतो तसा. "पाठव म्हणायचं असेल तर मशीननं एकट्यानं म्हणावं, माझ्यासाठी थांबू नये. मीही एकटीनं म्हणेन. पण नको म्हणायचं असेल तर दोघांचं एकमत हवं. मला दिव्याला विचारल्याशिवाय फोन ठेवता येऊ नये, आणि त्यालाही मला विचारल्याशिवाय."

"गाड्या फुकट धावतील काही," इंजिनियर म्हणाला.

"धावू देत. त्यातल्या एका गाडीत माझा माणूस होता."

पुढे समितीनं नियम जवळपास तसाच केला, खुर्च्याही चारच्या चार राहिल्या. पण ते पुढे. त्या दिवशी तिघीजणी तिच्याशी एक अक्षर न बोलता निघून गेल्या, आणि ही हॉलच्या पायऱ्यांवर मान खाली घालून बसली. मी काठी टेकत टेकत जाऊन शेजारी बसलो.

"अहो, बोला काहीतरी," ती म्हणाली. "रागवा. बायको असून मी तुम्हाला दारुडा समजले. वर्षभर सांगायचा धीर झाला नाही. तुमचा आवाज मी ओळखला नाही हो."

मलाच तो ओळखू आला नव्हता, तर तिला कुठून येणार? राग आला होता, खोटं कशाला बोलू. आयुष्यात थेंबाला शिवलो नाही मी! पण तिच्याकडे बघितलं आणि राग कुठल्या कुठे गेला. शब्द जुळवायला मला वेळ लागला. ती थांबली. एकही शब्द तिनं माझ्या तोंडातून काढून घेतला नाही.

"नवरा म्हणून... गाडी पाठवली असतीस," मी म्हणालो, "तर त्यात... काय मोठं? तू... दारुड्याला पाठवलीस."

ती रडायला लागली. मीही रडलो. भर रस्त्यावर, येणारे जाणारे बघत होते, बघेनात का. मग तिनं माझं नाक तिच्या पदरानं पुसलं, काठी माझ्या हातात दिली आणि आम्ही सावकाश घरी गेलो.