अहेरीची हवा

दमा हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. मुलीची जात, उद्या लग्न व्हायचं, म्हणून 'तिला जरा धाप लागते' एवढंच सांगायचं, असं माझ्या नवऱ्यानं ठरवून टाकलं होतं. ती तेव्हा सात वर्षांची होती. लग्नाला अजून किती वर्षं होती कोण जाणे, पण धाप लागली की ओढायचा पंप मात्र आतापासूनच कपाटात टॉवेलांच्या मागे लपवलेला असायचा. आम्ही घुग्घुसला राहतो. नवरा कोळशाच्या खाणीत शिफ्टवर जातो, मी घरी ब्लाउज शिवते. दोरीवर टाकलेला पांढरा कपडा संध्याकाळी पांढरा राहत नाही आणि सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी काळी पावलं उमटतात. अशा गावात पोरीची छाती वाजते, याचं आम्हाला नवल वाटायचं. खरं तर आमचंच नवल करायला हवं होतं.

त्या पावसाळ्यात तिला दोनदा वाफ द्यायला न्यावं लागलं. चंद्रपूरच्या मुलांच्या डॉक्टरांनी आधी थोड्या दिवसांचं एक कडू औषध दिलं आणि बजावलं की यानं ती चिडेल, खा-खा करेल, घाबरू नका. तसंच झालं. पोरगी घरभर नाचली, स्वतःचं ताट संपवून माझ्या ताटातलंही जेवली, पडद्याला लोंबकळली. औषध संपलं तशी थंड झाली. आम्ही नवरा-बायको हसलो. औषधाचा त्रास म्हणजे असा, हे आमच्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं.

पुढे रोजच्यासाठी काहीतरी द्यायला हवं होतं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या, रोज पंप किंवा रोज रात्री चघळायची एक गोळी. पंप चांगला, असंही म्हणाले. नवऱ्यानं झटक्यात गोळी धरली. पंपाची सवय लागते, आणि शेजारी बघतात. गोळी बिचारी गोड होती, गोळीला बघून कुणी काही विचारत नाही. आम्ही उठलो तेव्हा डॉक्टर म्हणाले की स्वभावात काही फरक वाटला तर मला कळवा. मी मान हलवली. छातीच्या गोळीचा स्वभावाशी काय संबंध, म्हणून ते वाक्य मी तिथेच ठेवून आले.

पहिल्यांदा मला काही वेगळं दिसलं ते तान्ह्या पोळ्याला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे नंदी सजवून घरोघर नेतात. तिनं तिच्या नंदीला माझ्या कापडाच्या चिंध्यांची झूल केली होती, गळ्यात मणी घातले होते, दोन दिवस त्याच्याशी बोलत होती. शेजारच्या एका लहान मुलीनं त्या झुलीला नुसता हात लावला, तर हिनं नंदी उचलून रस्त्यावर आपटला. एक शिंग तुटलं. मग तिथेच बसून अशी रडली की जणू दुसऱ्याच कुणी तो फोडला होता. मी तिला उचलायला गेले तर माझ्या हाताला चावली.

त्यानंतर हे रोजचंच झालं. शाळेतून तक्रार आली की मैत्रिणीची वही फाडली. जेवायला बोलावलं की किंचाळायची. झोपेत रडत उठायची आणि मला ओळखायची नाही. दुपारी माझ्या मशीनखाली जाऊन पाय पोटाशी घेऊन बसायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, काही नाई. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. माझी आई फोनवर म्हणाली, एकुलती एक म्हणून डोक्यावर बसवली. नवऱ्याचं एकच होतं, घुग्घुसची हवा खराब आहे, इथे माणूस चिडणार नाही तर काय करेल. मी कुणाला काही सांगत नव्हते, पण माझं मत असं होतं की हे माझ्यामुळे होतंय. कारण ती सगळ्यांवर चिडायची, पण माझ्यावर सगळ्यात जास्त चिडायची.

आणि मीही काही देवी नव्हते. ब्लाउजाची गिऱ्हाइकं दारात उभी, नवरा शिफ्टवरून येऊन झोपलेला, आणि ही जमिनीवर लोळून ओरडत असायची. मी तिच्याहून मोठ्यानं ओरडायचे. एकदा हात उचलला. एकदा म्हटलं की मला तुझं तोंड बघायचं नाही. तेव्हा ती मशीनखाली गेली आणि तिथून म्हणाली, "मी खराब पोरगी आहो. मले इथी नाई राह्याचं." मला वाटलं ती रुसली आहे. मी मशीन चालवत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत तिला अहेरीला पाठवलं, माझ्या मोठ्या नणंदेकडे. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. बाईचा नवरा वनखात्यात होता, आता ती एकटी आहे. मूल झालं नाही, त्यामुळे भावाच्या पोरीवर तिचा फार जीव. मी पिशवीत पंप दिला, गोळ्या दिल्या, कधी काय द्यायचं ते दोनदा समजावलं. सुट्टी संपल्यावर पोरगी परत आली ती हसत. तिनं मला आठवडी बाजारातल्या गमती सांगितल्या, माझ्या गिऱ्हाइकांना पाणी नेऊन दिलं. नवरा म्हणाला, पाहिलं, हवा बदलली की माणूस बदलतो. आठ-पंधरा दिवस गेले आणि पुन्हा ते सगळं सुरू झालं. मग तर मला शंकाच राहिली नाही. बाईकडे ती चांगली असते आणि माझ्याकडे अशी असते, तर दोष कुणाचा हे सांगायला पंचांग लागत नाही.

तो हिवाळा कसा गेला ते मला नीट आठवत नाही. फक्त थकवा आठवतो. उन्हाळ्यात ती पुन्हा अहेरीला गेली. बाईनं फोन केला की पोरगी इथी खुश आहे, शाळा घराजवळ आहे, राहू द्या माझ्याजवळ. नवरा लगेच तयार झाला. मी म्हटलं विचार करते. त्या दिवसांत मी कितीतरी महिन्यांनी दुपारी झोपले. घर शांत होतं आणि मला ते आवडलं. मला माझी मुलगी नको झाली होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतं ते असंच होतं. मी शाळेत जाऊन तिचा दाखला काढला आणि पर्समध्ये घालून अहेरीची वाट धरली.

चंद्रपूरला गाडी बदलली. गोंडपिपरी गेलं, आष्टी गेलं, आलापल्लीच्या अलीकडे जंगल लागलं तशी खिडकीतून गार हवा यायला लागली. मला वाटलं, नवरा म्हणतो ते बरोबरच असेल. बाईच्या अंगणात पाय ठेवला तर पोरगी धावत आली आणि कमरेला बिलगली. तिनं माझी पिशवी आत नेली, मला बसवलं आणि फणी आणून माझे केस विंचरायला लागली. नणंदेच्या अंगणात माझी मुलगी अशी पाहून माझा जीव निवायला हवा होता. तो जळाला. दाखला पर्समध्येच होता. उद्या सकाळी बाईच्या हाती देऊ असं मी ठरवलं.

जेवणं झाल्यावर सवयीप्रमाणे मी तिची पिशवी उघडली आणि गोळ्यांचं पाकीट काढलं. मी दिलं होतं तसंच ते होतं, एकही गोळी फोडलेली नव्हती. मला वाटलं, हे संपल्यावरचं दुसरं असेल. गोळी काढणार तेवढ्यात बाई चुलीजवळून म्हणाली, "ते काऊन काढून राह्यली? इथी नाई देत मी ते."

मग तिनं सांगितलं. दिवाळीत पोरगी आली तेव्हा बाईनं तिला जंगलातल्या एका गावी नेलं होतं. तिथला एक म्हातारा धापेवर मुळी देतो. त्याचं पथ्य असं की मुळी चालू असेपर्यंत डॉक्टरची दवा पोटात जायला नको. बाईनं पथ्य पाळलं आणि आम्ही रागावू म्हणून सांगितलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं की पोरीचा श्वास अडकला असता तर काय केलं असतं. बाई म्हणाली की दोनदा अडकला होता, तेव्हा पंप दिला. मी म्हटलं, मग पथ्य कुठे गेलं? बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच काही कळत नाही.

"पंप कुठी पोटात जाते? तो तं वारा होय."

यावर मी बोलले. पुष्कळ बोलले. इतक्या महिन्यांचं सगळं त्या बिचारीवर काढलं. बाईनं ते ऐकून घेतलं. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "तुले राग येनं बराबर आहे. पन पोरगी पाह्य."

मी पाहिलं. पोरगी ओसरीवर चिंचोके मांडून एकटीच खेळत होती, हरली की स्वतःलाच हसत होती. मी उभीच होते आणि हातात ते पाकीट होतं. मी बाईला विचारलं की दिवाळीतही गोळी दिली नव्हती का? ती म्हणाली, नाई, एकही नाई, त्या साऱ्या चुलीत टाकल्या. तेव्हा कुठे डॉक्टरांचं ते वाक्य, जे मी त्यांच्याकडेच ठेवून आले होते, माझ्यापर्यंत पोचलं. अहेरीला गोळी नाही, तर पोरगी चांगली. घुग्घुसला गोळी, तर पोरगी तशी. माझ्या हातून भाजी करपली असेल, गिऱ्हाइकाचं माप चुकलं असेल, पण गोळी एक दिवस चुकली नव्हती. तेवढ्या एका गोष्टीचा मला अभिमान होता.

सकाळी मी दाखला बाईला दिला नाही. पोरीला घेऊन निघते म्हटलं. बाईनं चारोळीची पुरचुंडी बांधून दिली आणि स्टँडवर आली. तिनं घरातल्या एका कोनाड्यात पोरीच्या शाळेच्या पुस्तकांसाठी जागा केली होती, ते मी येताना पाहिलं होतं. गाडी सुटेपर्यंत ती पोरीच्या फ्रॉकची गुंडी लावत होती. मला तिच्यावर रागावलेलं राहायचं होतं, ते जमलं नाही.

चंद्रपूरला उतरून तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि लिहिणं थांबवलं. म्हणाले की काही मुलांना या गोळीनं असं होतं. सगळ्यांना नाही, पण होतं. झोप बिघडते, चिडचिड होते, मूल उदास होतं. म्हणूनच तुम्हाला सांगितलं होतं, म्हणाले, फरक वाटला तर कळवा. मी म्हटलं, फरक वाटला होता साहेब, पण आमच्याजवळ त्याची इतकी कारणं होती की गोळीचा नंबरच लागला नाही. ते रागावले नाहीत. मुळीबद्दल म्हणाले की त्यात काय असतं मला माहीत नाही, तीही बंद करा, आणि कुठलंच औषध आपल्या मनानं बंद करू नका. गोळी थांबवली. रोजचा पंप लिहून दिला, तो प्लास्टिकच्या डब्याला लावून ओढायचा. हे गोळीमुळेच होतं असं आज खात्रीनं नाही सांगता येत, म्हणाले, बंद करून बघू.

बघितलं. तोच दाखला घेऊन मी त्याच शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तो ठेवून घेतला. घुग्घुस तेच होतं, ट्रक तेच, धूळ तीच. पंप मी टॉवेलांमागून काढून मशीनजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगला. पोरगी सकाळ-संध्याकाळ दारात बसून तो ओढते आणि शेजारणी बघतात. पावसाळ्यात एकदोनदा छाती वाजली, पण पोरगी पुन्हा आमची होती. नवरा अजून अहेरीच्या हवेचं नाव घेतो आणि बाई मुळीचं. मी कुणाशी वाद घालत नाही, तेवढी ताकद माझ्यात उरली नाही.

पुन्हा तान्हा पोळा आला. तिनं माळ्यावरून नंदी काढला, तुटलेलं शिंगही तिनं जपून ठेवलं होतं. आम्ही दोघी डिंक लावून ते चिकटवत बसलो. ती म्हणाली, मी हा काऊन फोडला होता? मी तिला सोपं करून सांगितलं की तुला एक गोळी होती, तिच्यानं तुला राग यायचा, रडू यायचं. ती तुझी चूक नव्हती. तू खराब पोरगी नव्हती. ती लक्ष देऊन ऐकत होती. ऐकताना तिचा चेहरा मोकळा झाला, आणि मलाही खूप दिवसांनी बरं वाटलं.

थोडा वेळ तिनं शिंग धरून ठेवलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "अन् तू कोनती गोळी खात होती, आई?"

"कोनतीच नाई," मी म्हटलं.