महागाईचे पेढे

महागाई वाढली की आमच्या मोठ्या जाऊबाई पेढे वाटायच्या. मोठे दीर रेल्वेत. भाव चढले की त्यांचा महागाई भत्ता वाढणार, वर मागची थकबाकीही हातात पडणार. उधन्यात आमची घरं समोरासमोर. माझा नवरा लूमवर, मजुरी मीटरवर. जेवढं कापड निघेल तेवढे पैसे, आणि मीटरचा दर मुलगी आठवीत होती तेव्हाचाच. तेल त्यांना महागलं तेवढंच आम्हालाही महागलं होतं, पण त्यांच्याकडे अख्खा डबा यायचा, आमच्याकडे अर्ध्या किलोची पिशवी. नुसता जळफळाट व्हायचा. पेढा तोंडात टाकून मी गोड हसायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

मुलगी बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि फी आमच्या आवाक्याबाहेर होती. मीटरमागे थोडा दर वाढला असता तर कसंबसं जमलं असतं. यांनी लूमच्या शेठकडे विषय काढला होता, शेठ बघू म्हणाला होता.

अशात एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, महागाई कमी झाली. मला कोण आनंद! फी, मुलगी, काही आठवलं नाही. तशीच उठले नि समोर गेले.

"आते तुमना भत्ता कापतीन का?"

दीर हसले. म्हणाले, भाव उतरलेले नाहीत. आधी भराभर चढत होते, आता हळू चढतायत, एवढंच. भत्ता वाढणारच, जरा कमी वाढेल. दुसऱ्या दिवशी बाजारात गेले तर खरंच, तूरडाळ जिथल्या तिथे.

त्याच आठवड्यात हे शेठकडे गेले. तो गुजरातीत म्हणाला, "टीव्हीवाळा पोते कहे छे, मोंघवारी घटी गई. तो पछी भाव शेनो वधारुं?" म्हणजे महागाईच घटली, तर दर कशाला वाढवायचा! शेठचं आणि माझं डोकं एकच निघालं. सगळं महागत असताना दर तोच ठेवणं म्हणजे मजुरी कापणंच, हे यांना तिथे सांगता आलं नाही. घरी येऊन मला सांगत बसले.

पुढच्या महिन्यात दिरांची थकबाकी आली, तशा जाऊबाई पेढे घेऊन आल्या. पुडा माझ्या हातात देत म्हणाल्या, "थकबाकी उनी शे. यंदानी फी मी भरसू. तुनी पोर काय परकी शे का?"

अगदी मनापासून म्हणाल्या, तेच मला सोसेना. मी नको म्हणणार, तेवढ्यात मुलगी वाकून त्यांच्या पाया पडलीसुद्धा.

फी भरली. आता कॉलेजला निघताना मुलगी आधी समोर जाते, गणवेश दाखवायला. "मोठी आई, देख ना!" मी आमच्या दारातून बघते. इतकी वर्षं जिच्यावर जळत आले, तिच्याबद्दल वाकडं बोलायचीही आता सोय राहिली नाही.