आगोटीतली कबर

वैशाख लागला की पोलादपुरात घरोघर आगोटीची धांदल सुरू होई. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. चार महिने घाट केव्हा बंद पडेल, एस.टी. केव्हा येईनाशी होईल याचा नेम नसे. म्हणून लाकडं फोडून ओटीवर रचायची, महाडच्या बाजारातून कांदे, मीठ, सुकट आणायची, छपरं शाकारायची. आम्ही ख्रिस्ती मंडळी इनमीन पाच घरं, तीन पोलादपुरात आणि दोन महाडात. आमची आगोटही तीच. फक्त आमच्या यादीत एक जिन्नस जास्त होता. लाकडं-कांदे भरून झाले की आमचे पुरुष टिकाव आणि पहारी घेऊन गावाबाहेरच्या टेकाडावर जात आणि एक कबर खणून ठेवत.

मी घाटावरची, कोरड्या मुलखातली. आमचे हे इथल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, म्हणून लग्न होऊन मी इथे आले. पहिल्या वर्षी हे खणण्याचं कानावर आलं तेव्हा मला वाटलं, नव्या नवरीची थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती. दफनासाठी आम्हाला मिळालेली जागा सगळी उताराची, वर हातभर माती आणि खाली मुरूम. आषाढात तिथे टिकाव मारला की गुडघाभर खाली झरे फुटत आणि पाणी उपसेपर्यंत कडा ढासळत. म्हणून उन्हाळ्यातच खणायचं, उताराच्या बाजूने पाणी निघायला चर काढायचा, वर बांबू, सागाची पानं आणि पेंढा घालून झाकायचं. कोणाला लागली नाही तर दिवाळीनंतर बुजवायची, नाहीतर गुरं पडतात. पुढच्या वैशाखात पुन्हा तीच जागा उकरायची.

माप घ्यायची रीत तर मला बघवली नाही. मोठ्या कबरीत लहान माणूस मावतं, लहानीत मोठं मावत नाही, म्हणून मंडळीतला सगळ्यांत उंच माणूस जमिनीवर आडवा व्हायचा आणि उपदेशकबाबा काठीने त्याच्याभोवती रेघ ओढायचे. सगळ्यांत उंच आमचे हे. दवाखान्याची चौकट दिवसातून दोनदा तरी यांच्या कपाळाला लागायचीच. हे आपले खुशाल आडवे होऊन छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "बाबा, डोक्याशी जरा जास्त सोडा, मला उशी लागते." सगळे हसत. मी हसले नाही. शेजारच्या कुणब्याच्या म्हातारीने दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला गाठून विचारलं, "काय गो, तुमचा देव आदीच खड्डा मागतो? आमचा नाय बा मागत." मला तिचंच पटलं. पण ते तिच्यासमोर कबूल कशाला करा, म्हणून मी घागर उचलून तरातरा निघून आले.

चार वर्षं ती कबर रिकामीच बुजवली गेली. मध्यंतरी आम्हाला मुलगी झाली आणि टेकाडावरच्या त्या खड्ड्याची मला सवय झाली, जशी घरातल्या एखाद्या रागीट म्हाताऱ्याची होते.

पाचव्या वर्षी चैत्रात यांना संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. आधी दवाखान्यातलंच काहीबाही घेऊन बघितलं. मग एक दिवस खोकताना रुमालावर रक्त आलं. दुसऱ्यांना औषधं बांधून देणारा माणूस, यांना वेगळं सांगायला नकोच होतं. महाडच्या डॉक्टरांनी तपासून क्षय म्हणून सांगितलं, इंजेक्शनं सुरू केली आणि घाटावरच्या क्षयाच्या इस्पितळाला पत्र टाकलं. उत्तर आलं की पावसाळा संपल्याशिवाय खाट रिकामी होणार नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की दमट हवा वाईट, पण एवढा पावसाळा काढला तर पुढे आशा आहे. मुलीला संसर्ग नको म्हणून माझी आई येऊन तिला घेऊन गेली. एस.टी.च्या खिडकीतून ती हात हलवत होती आणि हे लांब, पिंपळाखाली उभे होते, कारण जवळ जायची बंदी होती. त्या दिवसापासून माझं देवाशी बोलणं म्हणजे नुसतं भांडण झालं. मी रोज एकच मागायचे, हा पावसाळा काढू दे. आणि मागताना आवाज विनंतीचा नसायचा.

तशात माप घ्यायचा दिवस आला. उपदेशकबाबा तेव्हा सत्तरीला आले होते. बायको वारलेली, दवाखान्यामागच्या एका खोलीत राहायचे, लहान चणीचे, कायम छत्री बाळगणारे. त्यांनी यांच्याकडे न बघता महाडहून आलेल्या मास्तरांना सांगितलं, "मास्तर, यंदा तुम्ही आडवे व्हा." मास्तर यांच्या खांद्याला लागत. मास्तरांनी टोपी काढली.  मग हेच पुढे झाले, धाप लागलेली होती तरी हळूहळू बसले आणि नेहमीच्या जागी आडवे झाले. म्हणाले, "माप चुकवू नका. नंतर पाय दुमडायची पाळी यायची."

त्या दिवशी कोणी हसलं नाही. बाबांनी रेघ ओढली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सगळ्यांसमोर बाबांना म्हटलं की रविवारी ओट्यावर बसून विश्वासाच्या गोष्टी सांगता आणि जिवंत माणसाचा खड्डा खणून ठेवता, मग तुमच्यापेक्षा आमची शेजारीण बरी. बाबांनी ऐकून घेतलं. घरी येताना हे मला रागावले. लग्नानंतर मला वाटतं पहिल्यांदाच.

आषाढात एकदा दोन दिवस उघाड पडली. यांचा ताप चढलेला होता आणि मला सारखं वाटत होतं की टेकाडावरचा तो खड्डा यांना ओढतो आहे. भोळसट म्हणा, अडाणी म्हणा. मिशनच्या शाळेत सातवी शिकलेली बाई मी, पण भर दुपारी फावडं घेतलं आणि टेकाड चढले. पेंढा बाजूला केला, दोन बांबू ओढून काढले. आत ओल होती, पण पाणी साचलेलं नव्हतं. बाजूच्या ढिगातलं एक फावडं माती मी आत टाकली. मग दुसरं. चौथ्या की पाचव्या फावड्याला वर बघितलं तर बाबा छत्री घेऊन उभे.

मला वाटलं ओरडतील. ते ढिगाच्या कडेला बसले. म्हणाले की बुजवायची असेल तर बुजव, मी कोणाला सांगणार नाही. आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांची आठ वर्षांची मुलगी अशाच आषाढात गेली होती. तीन ठिकाणी खणलं, तिन्हीकडे पाणी लागलं. दोन दिवस ती पोर घरात होती. तिची आई तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं बदलत राहिली आणि पुढे मरेपर्यंत तिचे हात ते पांघरूण बदलतच राहिले. पुढच्या वैशाखात बाबांनी एकट्याने पहिली कबर खणली.

मी विचारलं, "म्हणजे देवावर भरवसा नव्हता म्हणूनच ना?"

 ते म्हणाले, "देव मारणार म्हणून मी खणत नाही, मुली. मेल्यावरही तो आपल्याला सोडत नाही, म्हणून मला खणायला भीती वाटत नाही. तुझा नवरा जगेल की नाही ते मला माहीत नाही. पण इकडे पडो की तिकडे, तो देवाच्याच हातात पडेल, एवढं माहीत आहे. एवढ्यावर मी तीस वर्षं काढली."

मला हे उत्तर नको होतं. मला जगेल हे ऐकायचं होतं. मी फावडं उचललं आणि सलाम न करता घरी आले. बांबूही तसेच टाकून आले.

श्रावणात बाबा गेले. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी दुपारी पेज पिता पिता मान कलली. पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं. डोंगरातल्या कुडपण गावाहून डोलीत रुग्ण घेऊन आलेले चार गडी दवाखान्याच्या ओट्यावर अडकून पडले होते. त्यांनी आपण होऊन खांदा दिला. यांना आडवं पडा म्हटलं तरी हे ऐकेनात. इरलं घेऊन, दर दहा पावलांवर थांबत टेकाडापर्यंत आले आणि एका दगडावर बसले.

पेंढा काढला तेव्हा मी आत बघितलं. बांबू नीट पूर्वीसारखे लावलेले होते. तळ साफ होता. मी टाकलेली माती कुठेच नव्हती. सत्तरीच्या त्या माणसाने आत उतरून ती उपसली होती, आणि केव्हा, ते आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. आमच्या यांच्या मापाच्या कबरीत बाबा फार लहान दिसले. पायाशी हातभर जागा तशीच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उतरताना निम्म्या वाटेत एकाएकी माझ्या ध्यानात आलं की आता कबर तयार नाही. अजून दीड महिना पाऊस होता. हे माझ्या खांद्यावर हात टाकून खोकत होते आणि टेकाडावर यांच्यासाठी काहीही नव्हतं. जो खड्डा मी बुजवायला निघाले होते, तोच आता मला हवा होता. इतके दिवस भीतीला निदान टेकाडावर एक जागा होती. ती आता माझ्याबरोबर घरी आली. यांना ते कळलं असावं. उंबऱ्यापाशी टेकत म्हणाले, "माझी जागा तर बाबांनी घेतली. आता जगल्यावाचून सोय नाही."

मी हसले आणि हसता हसता रडू फुटलं. मग चुलीपाशी बसले. लाकडं ओली होती, फुंकून फुंकून डोळे चुरचुरत होते. काहीच हाताशी नव्हतं, औषधं संपत आलेली, घाटात दरड, बाबा नाहीत, खड्डाही नाही. त्या दिवशी प्रथमच मी देवाकडे पावसाळा मागितला नाही. मी म्हटलं, हे जगोत की न जगोत, तू राहशील ना? आवाज आला नाही, उजेड पडला नाही. चूल पेटली, तेवढंच. पण विचारून झाल्यावर मला कळलं की उत्तर मला आधीच ठाऊक होतं. ते बाबांनी दिलेलं होतं आणि मी फावडं उचलून चालती झाले होते. माझं दुःख कणभर कमी झालं नाही. फक्त मी त्यात एकटी नव्हते.

यांनी पावसाळा काढला. कार्तिकात खाट मिळाल्याचं पत्र आलं आणि मी यांना एस.टी.ने घाटावर पोचवून आले. पत्रं येत होती, वजन वाढल्याचं लिहीत होते. माघात फुप्फुसाचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी हे गेले. तार महाडला येऊन माझ्यापर्यंत पोचायला दीड दिवस लागला. मी गेले तेव्हा पुरणं उरकलं होतं. अनोळखी लोकांच्या रांगेत ताज्या मातीचा एक उंचवटा होता, बाकीच्यांपेक्षा थोडा लांब. त्यावरूनच मी ओळखला. मी देवाला खूप बोलले तिथे. पण तो नाही, असं मात्र माझ्या तोंडून आलं नाही.

लोक म्हणाले, आईकडे जा. मिशनने मला दवाखान्यात जखमा धुण्याचं काम दिलं आणि बाबांची खोली राहायला दिली. मी मुलीला परत आणलं. पुढे काय, ते मला माहीत नव्हतं, आणि कोणी विचारलं तर माहीत नाही असंच सांगायची.

वैशाखात मास्तर महाडहून आले. जुनी जागा बाबांची झाली होती, नवीन ठिकाणी खणायचं होतं. सगळे टेकाडावर पोचल्यावर आता मापाला आडवं कोणी व्हायचं, ते कोणालाच सुचेना. काठी मास्तरांच्या हातात होती आणि ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. मीच पुढे झाले, पदर सावरला आणि आडवी झाले. मुरूम तापलेला होता. मुलगी माझ्या पायाशी उभी राहून टकमक बघत होती. मला वाटलं होतं काळजाचा ठोका चुकेल, पण तसं काही झालं नाही. पाठीखालची जमीन घट्ट होती आणि छातीवर हात ठेवून मी स्वस्थ पडले होते.

मास्तर म्हणाले, "बाई, तुमचं माप आखूड पडेल."

"हातभर जास्त ओढा," मी म्हटलं. "आणि डोक्याशी थोडं सोडा. उशीला."

त्यांनी रेघ ओढली. मी उठून पाठीचा मुरूम झटकला, मुलीचा हात धरला आणि कांद्यांच्या माळा बांधायच्या राहिल्या होत्या म्हणून घरी आले.