गोदूने राखून ठेवलेलं हसू

नातवंडांनो, गोदूआजी गेल्याचं तुम्हाला रंगूनला कळलं असेलच. ती माझी मैत्रीण होती एवढंच तुम्हाला माहीत आहे. बाकीचं क्रमाने लिहिते.

त्या सकाळी मी माजघरात कपड्यांच्या घड्या घालत होते. अंगणातून हाक आली, "शांते, आहेस का वं घरात?" मी आतूनच म्हणाले, "ये ना, दार उघडंच आहे." कुणी आत येईना म्हणून बाहेर आले, तर अंगणात गोदूचे यजमान विनायकराव एकटेच उभे होते. "पहाटे गेली," ते आपल्या घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात म्हणाले. मी त्यांच्या मागे पाहत राहिले. हाक तर गोदूची होती... "माफ करा, ताई," ते म्हणाले, "या दारात तीच हाक मारायची. माझ्या तोंडून तीच निघाली."

विनायकराव तरुणपणी नाटक कंपनीत स्त्रीपार्ट करत. तेव्हा राणीचं राज्य होतं. भल्या घरच्या बायका रंगभूमीवर येत नसत, नायिकेचं काम पुरुषच करत. मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकणारी, गोदू नागपूरच्या महाल भागातली आमची शेजारीण. तिचं लग्न नटाशी ठरलं तेव्हा आळीतल्या बायकांनी नाकं मुरडली, पण ती खुशीत होती. कंपनीचा मुक्काम नागपुरात असला की विनायकराव दुपारी घरी तालीम करत. गोदू त्यांना नऊवारी नेसवून द्यायची, निऱ्या कुठे सैल सोडायच्या, सासऱ्यांसमोरून जाताना पदर कुठल्या हाताने सावरायचा, हे दाखवायची. मी पाहिलंय, ती भाकरी थापत असली तरी ते समोर बसून तिच्या मनगटाकडे बघत असायचे. त्यात प्रेम होतं यात मला शंका नाही. ते म्हणायचेही, "मी अभिनय करतच नाही ताई, मी फक्त हिला आठवतो."

मग एकदा गोदूच्या डाव्या पायावर कढत पेज सांडली. बरेच दिवस ती आधी चवडा टेकायची, क्षणभर थांबायची, मग टाच टेकवायची. त्याच सुमारास कंपनीचं नवं नाटक लागलं आणि त्यातली नायिका तशीच चालली. चवडा, थोडं थांबणं, टाच. लोक वेडे झाले. महिना-दोन महिन्यांनी आम्ही दोघी एका घरी हळदीकुंकवाला गेलो. दारातून एकामागून एक सहा-सात मुली आत आल्या, आणि प्रत्येक जण डावं पाऊल तसंच टाकत होती. त्यांतल्या कुणाचाच पाय भाजलेला नव्हता. गोदूने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. घरी परतली तर सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "काहून वं, नाटकातल्या बाईसारखी मुरडत चालून राहिली? इथं का पडदा लागला हाय?"

त्या दिवसापासून गोदू सरळ चालायला शिकली. जखम पुरती भरली नव्हती, तरी.

तिने ते नाटक एकदाच पाहिलं, माझ्यासोबत, वर बायकांच्या बाजूला बसून. तिसऱ्या अंकात नायिका बापाच्या मरणाची बातमी ऐकते आणि रडू आवरायला पदराचं टोक दातांत धरते. आजूबाजूच्या सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. गोदू कोरडी बसली होती. माझ्या कानाशी म्हणाली, "हे रडणं माझं आहे वं. बाबा गेले तेव्हाचं."

पुढे आमच्या मागच्या पडवीत शेवया वळताना मी काहीतरी चावट बोलले आणि ती हसली. ओठ मिटून, श्वास आत ओढत, खांदे हलवत, आणि शेवटी बारीकसा "हं". असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "हे कधीपासून?" मी विचारलं. "लपवून ठेवलंय," ती म्हणाली. "घरी नाही हसत असं. बाकी सारं त्यांनी नेलं, मी दिलंही. हे एवढं मले राहू दे. तू सांगू नको त्यांले." मी सांगितलं नाही. चाळीस वर्षं ते हसू आमच्या घरातच राहिलं.

चौदाव्या दिवशी मी विनायकरावांना भेटायला गेले. खोलीत एकच पाट होता, त्यावर मला बसवून ते खाली बसले. "ताई, एक विचारायचं आहे," ते म्हणाले. "तिने एक हसू माझ्यापासून लपवलं होतं, ते मला ठाऊक होतं. तिला घ्यायला तुमच्याकडे यायचो तेव्हा बोळातून ऐकलंय. स्टेजवर कधी नेलं नाही, देवाशपथ. पण आता... रोज थोडं थोडं बसवतोय. बाकी सगळी आहे माझ्याजवळ, एवढं जमलं की ती पूर्ण होईल. बरोबर आलंय का, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलले. श्वास आत ओढला गेला... आणि शेवटी तो बारीक "हं".

ती तिथेच होती, माझ्याकडे पाठ करून. मी हात पुढे केला असता तर तिच्या पाठीला लागला असता. होय म्हणावंसं फार वाटलं. होय म्हटलं असतं तर मलाही ती रोज भेटली असती.

"नाही," मी म्हणाले. "तसं नव्हतं ते. जवळपाससुद्धा नाही."

विनायकराव वळले. नटाला खोटं कळत असणार, पण ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. म्हणजे काहीतरी तिचं तिच्याकडेच राहिलं." मग ते रडले. बायकांसारखं नव्हे, पदर नाही, दात नाही. म्हातारा माणूस रडतो तसं, वेडंवाकडं, नाक गळत. त्यांचं स्वतःचं रडणं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर ते दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा दाराशी येऊन नुसती कडी वाजवली.

परवा तुमच्या धाकट्या काकाचं पत्र आलं. त्याच्या बोटीवरच्या बावर्च्याला त्याने पुरणपोळी शिकवली आणि त्याने पुरणात अंडं फोडलं, ते वाचून मला हसू आवरेना; ओठ मिटून हसले, आणि शेवटी बारीकसा "हं" निघाला. स्वयंपाकघरातून तुमची काकू हात पुसत बाहेर आली. "या ना गोदूमावशी, चहा..." म्हणता म्हणता उंबऱ्यातच थांबली. खोलीत मी एकटीच होते.