लक्ष द्या, मडिवाळप्पा बोलून राहिले

लातूरच्या बसस्थानकावर मडिवाळप्पांनी नोकरीभर माइकवरून गाड्या पुकारल्या. निवृत्त होऊन ते शिरूर अनंतपाळला आले. माइक तिकडंच राहिला, आवाज मात्र सोबत आला. आंघोळीचं पाणी तापलं तरी ते घरात दोनदा पुकारायचे. "एकदाच सांगा की! मी काय प्रवासी हाय का?" गौरम्मा नवऱ्यावर कावायच्या. पण जित्याची खोड ती, निवृत्तीनं थोडीच जाते!

या खोडीपायी त्यांच्या लेकीचं, मंजुश्रीचं, एक चांगलं स्थळ हातचं गेलं होतं. पाहुणे दारात चपला काढत होते आणि मडिवाळप्पा सवयीनं बोलून गेले, "आपापलं सामान सांभाळा, खिसेकापूंपासून सावध राहा!" पाहुण्यांनी चहाला तोंडसुद्धा लावलं नाही.

म्हणून नांदेडचा अमरनाथ आईवडिलांना घेऊन यायचा ठरला, तेव्हा गौरम्मांनी बजावलं, "आज तोंड उघडायचं न्हाई. पोरीच्या मनात लई भरलाय हा मुलगा." मडिवाळप्पांनी लेकीकडं पाहिलं आणि मुकाट्यानं मान डोलावली.

पाहुणे आले. चुरमुऱ्यांचा सुशीला आला, चहा आला. मडिवाळप्पा मख्ख! शेतीचं विचारलं, मान हलवली. नोकरीचं विचारलं, चहाचा घोट घेतला. बिचाऱ्याच्या ओठांवर आलेले शब्द परत पोटात जाताना दिसत होते. शेवटी अमरनाथची आईच उठली. "मुलीच्या वडलांच्या मनात न्हाई दिसत. उगं कशाला जबरदस्ती? चला."

मंजुश्रीनं हातातला ट्रे खाली ठेवला. "अप्पा, बोला की तुमच्या आवाजात! गाडी चालली ना माझी!"

मडिवाळप्पा ताडकन उठले. "पाहुण्यांनी कृपया लक्ष द्यावे! नांदेडला जाणारी गाडी जेवणाआधी सुटणार नाही. शेंगाची पोळी तव्यावर लागलेली आहे!" हे त्यांनी रीतसर दोनदा सांगितलं. तवा अजून फळीवरच होता. गौरम्मा पदर खोचून स्वयंपाकघरात पळाल्या. अमरनाथचे वडील पोट धरून हसले, "आता कसं घर बोलून राहिलं!" पोळ्या खातानाच लग्नाची तारीख ठरली.

लग्न थाटात झालं. पाठवणीच्या वेळी मंजुश्री गाडीत बसली, तसा मांडववाल्यानं कौतुकानं मडिवाळप्पांच्या हाती माइकच दिला. सगळे कान टवकारून उभे. "नांदेडला जाणारी गाडी..." एवढं म्हणताच त्यांचा आवाज बसला. जन्मभर हजारो गाड्या सोडल्या, ही एक सोडवेना. ते भर मांडवात लेकरागत रडले.

मंजुश्रीनं डोळे पुसले, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि थेट बापाच्या सुरात पुकारलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! मांडव परतणीला मंजुश्री सोमवारी याच फलाटावर येणार आहे!"

मांडवात एकच हशा पिकला. मडिवाळप्पांनी उपरण्यानं नाक पुसलं.

"दोनदा पुकारायचं असतंय, बाळा," ते म्हणाले.

मंजुश्रीनं पुन्हा पुकारलं.